गच्चीवरचा शुद्ध पालक

...नाही, पण मला सांगा, पालकाचं पान एवढं मोठं असतं का कधी? हाताच्या पंजाएवढं! आणि हिरवं तरी किती... भाजीवालीला म्हटलं, बाई, हा वाढतो कुठल्या पाण्यावर? तर म्हणे, "शहराचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात ना काका, त्याच्यावर." शुद्ध करून! कोण करतं? कुणी बघितलंय? तर बाई हातातली जुडी ओढूनच घ्यायला लागली. अहो, मी संशय घेत नाही, मी फक्त विचारतो!

तुम्हाला सांगतो, उभी हयात माझी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण मला रस्त्यावरून दिसायचं. आणि घरात चार वर्षांची नात, डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, पालेभाजी द्या. द्या म्हणजे कुठली द्या? गटाराची? गेलो की मी थेट त्या सांडपाण्याच्या केंद्रावर! तिथल्या साहेबानं टाक्या दाखवल्या, तपासणीचे कागद दाखवले, चहा मागवला... मी विचारलं, हे कागद कोण तपासतं? साहेब अर्धा चहा टाकून उठला. आता यात संशय कुठे आला? मी फक्त विचारतो!

मग ठरवलं, पालक घरचा. गच्चीवर बारा कुंड्या, पाणी प्यायचं, गाळलेलं... बायको म्हणते, माणसांना नळाचं आणि पालकाला फिल्टरचं? म्हटलं, नातीच्या तोंडात जायचंय ते. राहिली माती. ती कोपऱ्यावरच्या बॅटरी दुरुस्तीवाल्यानं दिली, दुकानामागची, चार पोती, फुकट, वर गच्चीपर्यंत पोचवून! त्याला मात्र... काही विचारलं नाही हो. फुकट देणाऱ्याला कोण विचारतं?

चार महिने रोज पालक. नातीची वाटी रिकामी झालेली बघूनच मी पानावरून उठायचो. आणि मग, भाजीवालीची जिरवावी म्हणून, तिचा पालक आणि माझा पालक, दोन्ही प्रयोगशाळेत दिले. तिथली बाई म्हणते, "बाजारातला ठीक आहे. घरच्यात शिसं आहे, भरपूर. माती कुठली?" म्हटलं, बॅटरीवाल्याची. तिनं पेनच खाली ठेवलं. म्हणाली, बॅटरीतलं शिसं मातीत मुरतं, मुळांतून पानात चढतं, मग धुवा नाहीतर उकडा, जात नाही.

जन्मभर दुसऱ्याचं माप धरणारा मी, आणि विष भरवलं ते मीच, माझ्या हातानं. पोरीला उचलली आणि दवाखाना गाठला. दोन दिवस सूनबाईनं पोरीला माझ्याजवळ फिरकू दिलं नाही, आणि का द्यावं तिनं? तिसऱ्या दिवशी रिपोर्ट... पोरीच्या रक्तात काही नाही! काही नाही म्हणजे? मशीन नीट आहे ना? मी संशय घेत नाही, मी फक्त... तेवढ्यात नात हळूच म्हणते, "आजोबा, तुम्ही जेवताना पेपर वाचता ना, तेव्हा मी माझा पालक तुमच्या वाटीत टाकते."

रोज! चार महिने! माझ्या नाकाखाली!

शिसं निघालं ते माझ्या रक्तात. औषध चालू आहे. भाजीवालीकडून मुकाट्यानं जुडी आणतो, ती हसते, हसू दे. पण घरात माझ्या हातचं आता कुणी काही घेत नाही. काल नातीला पेलाभर साधं पाणी दिलं, तर तिनं पेला उजेडाकडे धरला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि म्हणाली, "कुठलं आहे?"