जाळीच्या दोन बाजूंची पंगत

सन्माननीय अध्यक्ष नरसिंहराव, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब व इतर पाहुणे, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो त्या गोदूबाई, आणि बंगळुरातल्या आपल्या मराठी मंडळाच्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला विषय दिला आहे, संकटकाळी धीर आणि श्रद्धा यांतून लाभणारा आनंद. विषय थोर आहे. वक्ता मात्र यशवंतपूरच्या मालधक्क्यावरचा कारकून, आणि तोही धीर सुटलेला. पण आज गोदूबाईंच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. उद्या सकाळच्या गाडीनं त्या धारवाडला लेकीकडे निघाल्या आहेत. तेव्हा दोन शब्द न बोलणं कृतघ्नपणाचं ठरेल.

माझी पत्नी प्रेमा गेलं दीड वर्ष क्षयाच्या दवाखान्यात आहे. गोदूबाई त्याच वॉर्डातल्या आया. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी कृपा करून खुर्च्या मागे सरकवू नयेत. भेटीला गेलो तरी मी वॉर्डाच्या खिडकीच्या जाळीबाहेरच बसतो.

माणसाच्या हाती काही उरलं नाही की तो काय करतो? देवाला कामाला लावतो. मी सोळा सोमवार धरले. दिवसभर पाणी, रात्री पूजा आटोपल्यावर एकदाच जेवण. आणि हे मी रविवारी भेटीच्या वेळी प्रेमाला मोठ्या अभिमानानं सांगून आलो. नवरा आपल्यासाठी उपाशी राहतो हे ऐकून तिला उभारी येईल, असा माझा हिशेब.

आमच्या घरात पुरुषांची जेवणं झाल्याशिवाय बायका पानाला हात लावत नाहीत. तुमच्याही घरांत हेच चालतं, उगाच इकडेतिकडे पाहू नका. प्रेमानं ही रीत दवाखान्यातही सोडली नव्हती. अकराला आलेलं ताट ती झाकून ठेवायची. एकच्या सुमाराला मी धक्क्यावर डबा उघडला असेल असा अंदाज करायची आणि मग तो गार भात खायची. सोमवारी तर मी रात्रीपर्यंत जेवणारच नाही. म्हणून दुपारचं ताट परत, सहाला येणारं संध्याकाळचंही परत, दूध शेजारच्या खाटेवरच्या बाईला. असे सात सोमवार गेले. शस्त्रक्रियेसाठी वजन वाढायला हवं होतं, ते पाच पौंडांनी उतरलं. डॉक्टरसाहेबांनी ठरलेली तारीख रद्द केली. ते इथं बसले आहेत, त्यांचा यात काडीचा दोष नाही. दोष माझा. हे सांगताना आजही मान वर होत नाही.

ही चोरी पकडली गोदूबाईंनी. आठव्या सोमवारी त्या पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत धक्क्यावर आल्या. मला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी हकिगत सांगितली. तरी मी आपला म्हणतो, व्रत अर्ध्यावर सोडलं तर देव कोपेल. त्या म्हणाल्या, "देवाचं मी बघून घेते, अण्णा. उद्यापासून अकराला डबा घेऊन या. खिडकीपाशी बसा आणि तिच्यासमोर जेवा. स्वल्प जास्तच जेवा."

धक्क्यावरच्या साहेबांच्या हातापाया पडून मी दुपारपाळी मागून घेतली. खिडकीला तारेची जाळी. बाहेर व्हरांड्यात मी, आत खाटेवर प्रेमा. मी पहिला घास घेतला, मग तिनं घेतला. अध्यक्षमहाराज, तेव्हा आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पण सासू, नणंदा, दीर अशा भरल्या घरात आम्ही दोघं एका वेळी कधी जेवलोच नव्हतो. ताकभाताचा शेवटचा घास ती लिंबाच्या फोडीसाठी राखून ठेवते, हे मला अकरा वर्षांनी कळलं. ती म्हणाली, "किती भराभर जेवता हो तुम्ही." आणि हसली. अध्यक्षांनी जो आनंद म्हटला, तो माझ्या वाट्याला आला तो एवढाच. पण तो रोज अर्धा तास यायचा, आणि त्या अर्ध्या तासात मी खरोखर सुखी असायचो.

वजन वाढलं का? वाढलं थोडं. मग थांबलं. मग दुसऱ्या फुप्फुसालाही लागण झाली. गेल्या महिन्यात डॉक्टरसाहेब म्हणाले की आता शस्त्रक्रिया नाही, वाट पाहायची. कशाची, ते मी विचारलं नाही. आता तिला उठून बसवत नाही. गोदूबाई मागे बसून तिला छातीशी टेकवून धरतात, तेव्हा ती चार घास खाते. मी थांबलो की तीही थांबते, म्हणून मी अख्खा डबा संपवतो. घास उतरत नाही, तरी उतरवतो. दीड वर्षात मला करता आलं ते एवढंच.

काल मी गोदूबाईंना विचारलं, तुम्ही गेल्यावर तिला कोण धरणार? नवी आया अजून नेमलेली नाही. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, त्यांना थांबवण्याचा मला काय अधिकार? तरी मी थांबा म्हणालो. लाज सोडून म्हणालो. त्या कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नाही, अण्णा. तुम्ही डबा आणा."

सव्वीस वर्षं या वॉर्डात काढलेल्या बाईला ठाऊक नाही, तर मला काय ठाऊक असणार? मी डबा नेणार. याला श्रद्धा म्हणत असतील तर ती माझ्यापाशी आहे. धीराचं मात्र मला विचारू नका.

मंडळानं मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याची मला सवय नाही. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि आणखी एक अपराध पोटात घालावा लागेल. मागे पंगतीची तयारी झाली आहे, पण माझं पान वाढू नका. सत्कारमूर्तींचंही वाढू नका. अकराला दहा मिनिटं कमी आहेत आणि आजचा दिवस त्या अजून नोकरीवर आहेत. गोदूबाई, हार इथंच ठेवा. चला, ती थांबली असेल.