तबकडीतली हाळी

हसू नका, सांगतो. पोरानं मला पुण्यातल्या मोठ्या विज्ञान संग्रहालयात सोडलं अन् त्यो कामावर गेला. तिथं लांब लांब, समोरासमोर दोन मोठ्या तबकड्या हुत्या. एकीत हळू बोललं की दुसरीत ऐकू येतं म्हणं. माझ्यासंगं कुणीच न्हाय, म्हणून तिथला वॉचमनच पलीकडं कान लावून उभा राहिला. काय बोलावं सुचंना. मग आपण गावाकडं तेरला दुपारी बांधावरून देतो तशी मोठ्यानं हाळी दिली, "जेवला का ओऽऽ?"

गडी दचकून मागं सरला. सगळी माणसं माझ्याकडं बघाय लागली. मग तबकडीतून हळूच आवाज आला, "नाही अजून, काका. तुम्ही जेवलात का?"

पोराकडं येऊन मला पंधरा दिवस झाले हुते. असं इचारणारा त्यो पहिलाच.