कुंपणापलीकडची पायवाट

जरा मागे या — अजून — हां, दाराशी. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे गोळे, तिथून बघा म्हणजे शेत दिसेल. ते पिवळं म्हणजे कापणीला आलेलं पीक, तो जांभळा पट्टा म्हणजे टेकडी — जांभळी का? उन्हं कलली की तशी दिसते, असं आमचे हे म्हणतात. मला तर ती कधी जांभळी दिसली नाही, पण मला विचारतो कोण? शांत वाटतं म्हणता? सगळेच म्हणतात. तुम्हाला काय, तुम्ही बघून घरी जाणार. — कुंपणाजवळचा तो तांबडा फटकारा? मेंढी नव्हे हो, बाई आहे. पाठमोरी. त्या पायवाटेवरून चाललेली —

हळू बोला. हे आत बसलेत, आतलं दार नुसतं लोटलेलं आहे, आणि डोळे अधू झाल्यापासून यांचे कान फार तिखट झालेत. आता चित्र नेणारच आहात म्हणून सांगते — यांचा हात थरथरतो ना, ब्रश मीच धरते. हे खुर्चीत बसून सांगतात, डावीकडे पिवळा दे, दाट दे, की मी देते. सही तेवढी मनगट धरून करून घेते. तसे वाईट नाहीत हो, आपलेच दात आपलेच ओठ. पण सांगितलं नाही ते मी काढायचं नाही. आणि ही पायवाट यांनी सांगितलेली नाही. मागच्या चित्रातही काढली होती — एका पाहुण्याने चहा पिता पिता तिची तारीफ केली. झालं. पाहुणा गेल्यावर मला हिरवा कालवायला लावला, आणि माझ्याच हाताने बुजवून घेतली. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "शेताला कुंपण असताना वाट कशाला?"

म्हणून म्हणते, आत गेलात की उन्हाची स्तुती करा, टेकडीची करा, पायवाटेचं नाव काढू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा चित्र तुमच्या भिंतीवर गेलं की ती बाई सुटली. मी काय, मी इथेच आहे, मला कुठे — अहो, पायवाट कुठे जाते हे एवढ्या मोठ्याने काय विचारता —

नाही हो, काही नाही. कसली पायवाट? कुंपणाची सावली आहे, पाहुण्यांना कळलं नाही. — हो. आणते. हो, हिरवाच.

या तुम्ही आता. आणि उद्या न्यायला येऊ नका, रंग ओला असेल.