बिनआवाजाचा कूलर

आकांक्षा : हात नोका लावू त्याले.

कुलदीप : हात नाई लावून राहिलो. ऐकून राहिलो. त्या चादरीखाली काय आहे? मिक्सर?

आकांक्षा : माहा कम्प्युटर हाय. अन् चादर कोनं टाकली त्याच्यावर? काकू! ओ वच्छलाकाकू!

(वलगावातलं घर, मे महिन्यातली दुपार. ओसरीवर दोन्हीकडची वडीलमंडळी पोहे खात बसली आहेत. अकोल्याहून आलेल्या मुलाला आणि घरच्या मुलीला 'बोलून घ्या' म्हणून आतल्या खोलीत पाठवलंय. पण खोलीत या दोघांपेक्षा जास्त बोलतंय ते कोपऱ्यातलं यंत्र, तेही भरतकामाच्या चादरीखालून.)

वच्छलाकाकू : काय व, कायले बोंबलून राहिली? पाहुने ऐकून राहिले ना.

आकांक्षा : चादर तुमी टाकली? कम्प्युटर चालू हाय, काकू!

वच्छलाकाकू : मंग? उघडं बोडकं दिसे थे. वायरीच वायरी. म्हटलं पाहुन्यायले काय वाटन. पलंगावरची चादर हाय, तुह्याच मायच्या हातची. पाहुनी म्हनली ना, चादर लय चांगली हाय म्हनून.

आकांक्षा : काकू, त्याले हवा लागते. तुमच्या तोंडावर गोधडी टाकून दळन दळाले बसवलं तं चालन का?

वच्छलाकाकू : मायबाई! पाहुन्यासमोर कशी बोलते पाहा पोट्टी. घे, काढली चादर. मी चालली. अन् बाप्पा, तुमीबी काई इचारा ना तिले. सैपाकपान्याचं, शिक्षनाचं. नुसते उभे नोका राहू.

कुलदीप : शहाण्णव डिग्री.

आकांक्षा : काय?

कुलदीप : स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवून राहिलं. प्रोसेसर शहाण्णववर गेला. बंद करा लवकर.

आकांक्षा : बंद नाई होत. मी शूट केलेलं एका लग्नाचं पिक्चर एक्सपोर्ट होऊन राहिलं, पक्की फाईल बनून राहिली. आज संध्याकाळी अमरावतीले रिसेप्शन हाय, तिथं मोठ्या पडद्यावर दाखवायचं हाय. राजापेठचा स्टुडिओवाला सकाळपासून फोनवर फोन करून राहिला. आता बंद केलं तं पयल्यापासून सुरू. तुमी थे बाजूचं झाकन काढा, मी टेबलफॅन ओढते इकडे.

कुलदीप : ह्याचे स्क्रू तं ढिल्लेच आहे.

आकांक्षा : दर आठ दिवसाले खोलते, मंग ढिल्लेच राहतीन.

कुलदीप : बापरे! हे काय भरलं आतमधी? कापूस?

आकांक्षा : कापूसच हाय. बाजूच्या खोलीत छतापर्यंत लागला हाय. भाव चढला का विकू, म्हनते बाबा. भाव काई चढत नाई, कापूस उडते अन् ह्याच्या नाकात जाते.

कुलदीप : अन् प्रोसेसर थंड ठेवाचा पंखा, कूलर, तोच? प्रोसेसरच्या डब्यात फुकट आलेला?

आकांक्षा : हो. तोच. फुकटचा.

कुलदीप : म्हणजे कसं, हा कूलर बसते प्लास्टिकच्या खुंट्याईवर. एक खुंटी सैल झाली का पूरा तिरपा. मी घरी तीन कूलर लावून पाहिले, एकाच प्रोसेसरवर. पहिला असाच, बोंबलणारा. दुसऱ्याले तांब्याच्या नळ्या आहे, दिसाले देखणा, पण पंख्याची बेअरिंग हलकी. दोन महिन्यात कुरकुर चालू. तिसरा मोठा, टॉवरवाला. मदरबोर्डच्या मागून लोखंडी पट्टी लागते, स्क्रूनं कसते. हलवून पाहा, जागचा हलत नाई. अन् आवाज म्हणाल तं शून्य. मोबाईल एक हात लांब टांगून ॲपवर मोजला मी.

आकांक्षा : मोजला म्हंजे कसा? घरात बाकीचा आवाज नव्हता?

कुलदीप : सारं बंद केलं ना. छताचा पंखा, खिडकीतला कूलर, टीव्ही, सारं.

आकांक्षा : अकोल्यात? उन्हाळ्यात?

कुलदीप : घामानं भिजलो पूरा. पण रीडिंग एकदम साफ आली.

आकांक्षा : आमच्याकडे पंखा बंद होते तवा लाईन गेलेली असते. अन् लाईन गेली का कम्प्युटरबी बंद. तुमचं हे माप कोनाच्या कामाचं म्हनायचं?

कुलदीप : तसं नाई, तुलना कराची म्हटली तं...

आकांक्षा : अन् तुमच्या टॉवरवाल्याच्या पत्र्याच्या पाती? जवळजवळ असतीन ना?

कुलदीप : एकदम बारीक अन् दाट. म्हणून तं थंड करते.

आकांक्षा : मंग आमच्या घरात दिवाळीपर्यंत एक गादी भरून निघन त्याच्यातून. माह्या कूलरच्या पाती पाहा, फाकलेल्या हाय. ब्रश मारला का साफ. तुटला तं राजापेठेत हातोहात दुसरा भेटते. बोंबलते, पन तापला का सांगते तरी.

कुलदीप : ते खरं आहे. पण आवाज पाहा ना...

आकांक्षा : आवाज, आवाज, आवाज! खोलीत आल्यापासून तुमचं एकच चालू हाय. मले पाहाले याच्या आधी चार पोरं येऊन गेले. एकानं पगार इचारला, एकानं चपला काढाले लावून उंची पाहिली. पन मले सोडून माह्या डब्यासोबत बोलून घेनारे तुमी पयलेच.

कुलदीप : उतरलं. अठ्ठ्याहत्तरवर आलं.

आकांक्षा : हं. शांत झाला एकदाचा.

कुलदीप : हो. आता जरा हळू बोला.

आकांक्षा : काहून?

कुलदीप : आई दाराजवळच बसली आहे. तिकडे ऐकू जाईन.

आकांक्षा : जाऊ द्या मंग. मले तुमाले एकच गोष्ट इचारायची हाय. लग्न झाल्यावर अकोल्यात माहं हे काम चालन का?

कुलदीप : चालन ना! म्हणून तं तिसरा कूलर सांगून राहिलो. मागच्या खोलीत तुमची मशीन ठेवू. दाराबाहेर उभं राहिलं तरी समजत नाई, चालू आहे का बंद.

आकांक्षा : कोनाले समजाले नाई पायजे?

कुलदीप : नाई, म्हणजे...

आकांक्षा : बोला ना आता. इतका वेळ तं तोंड थांबत नव्हतं.

कुलदीप : म्हणजे कसं, आईले वाटते का तुमी हे टाइमपास म्हणून करता. लग्नापर्यंत. मध्यस्थानं तसं सांगतलं तिले, अन् मी तसंच राहू दिलं. खरं सांगतलं असतं तं ती इथं आलीच नसती. एकदा लग्न झालं, मशीन गुपचूप चालत राहिली, का हळूहळू तिले सवय होईन.

आकांक्षा : ज्याचा आवाजच नाई त्याची सवय कशी होईन हो?

कुलदीप : माहं तसंच चालते ना. कॉलेजपासून. मी रात्री मशीन चालू केली का ती पंख्याच्या आवाजानं उठे, अन् मंग सकाळपर्यंत बोलणं ऐकाले लागे. तवापासून मले हे कूलरचं वेड लागलं.

आकांक्षा : म्हंजे थे मोबाईल टांगनं, घाम गाळनं, लोखंडी पट्ट्या, सारं आईच्या भेवानं?

कुलदीप : भेव नाई. घरात वाद नोको म्हणून.

आकांक्षा : हे पाहा. मी लग्नात स्टेजवर चढते. नवरदेवाच्या मामाले खांद्याले धरून बाजूले सारते, काहून का थो नेमका कॅमेऱ्यासमोर उभा राहते. अर्ध्या रात्री गाडीवर एकटी घरी येते. हे सारं कोनत्या खोलीत लपवान तुमी? मले तुमच्या आईचा राग नाई येऊन राहिला. त्याईले माहीतच नाई, तं त्या हो काय म्हनतीन अन् नाई काय म्हनतीन. राग तुमचा येऊन राहिला. मले कोनाच्या घरात चोरासारखं राहायचं नाई. आत्ता जा अन् सांगा त्याईले. सांगनं होत नसन तं माह्याकडून नकार समजा, अन् पोहे खाऊन अकोल्याची गाडी धरा.

कुलदीप : आत्ता? साऱ्या लोकायसमोर?

आकांक्षा : साऱ्यायसमोर.

कुलदीप : अन् ती नाई म्हणली तं?

आकांक्षा : तं मले वाईट वाटन. खरं सांगते. पाच पोरायमंधी ह्या डब्याच्या आत डोकावून पाहनारे तुमीच. पन वाईट वाटाचं असन तं आजच वाटू द्या. लग्नानंतर नोको.

कुलदीप : ...तुमी येता बाहेर?

आकांक्षा : नाई. आई तुमची हाय. अन् मले हे एक्सपोर्ट सोडून हलता येत नाई.

कुलदीप : बरं. जातो.

(तो ओसरीवर जातो आणि जरा वेळाने काकू धावत आत येतात.)

वच्छलाकाकू : काय व पोट्टे! काय पट्टी पढवली त्या पोराले?

आकांक्षा : काय झालं, काकू?

वच्छलाकाकू : काय झालं म्हने! थो बाहेर आला अन् उभ्या उभ्याच सुरू झाला. पोरगी लग्नाचे पिक्चर बनवते, रातबेरात जाते, लग्नानंतरबी करनार हाय, म्हने. मले माहीत होतं आई, मीच तुले सांगतलं नाई, म्हने. घाम फुटला होता बिचाऱ्याले. तुह्या बापाचा घास हातातल्या हातात राहिला.

आकांक्षा : अन् त्याची आई?

वच्छलाकाकू : प्लेट खाली ठेवली तिनं.

आकांक्षा : रागात?

वच्छलाकाकू : पोरावर तं भडकली बाप्पा. येवढा मोठा घोडा झाला, आधी सांगता येत नव्हतं का, म्हने. मले वाटलं उठून जाते आता. उठली खरी. पन पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला अन् डोयावर चढवला. सरका, म्हने, पाहू द्या मले पोरगी काय करते थे. इकडंच येऊन राहिली माय! बंद कर आता थे टिनपाट, अन् उभी राय नीट.

आकांक्षा : बंद नाई होत, काकू. एक खुर्ची आना. माह्या बाजूले ठेवा.