साहेब झाल्यावर कान जातात कुठं?

मंडळी, आज एकच सवाल! माणूस साहेब झाला, की त्याचे कान जातात कुठं? हसू नका — पहिल्या रांगेत तीन साहेब बसलेत, त्यांच्याकडं बघूही नका!

ऐका. एक दूध डेअरी. तिथं दिनकर ठोंबरे नावाचा गडी. पिशव्या भरायच्या मशीनवर बारा वर्षं काढलेली. हुशार! मालक रणवऱ्यांनी त्याला पॅकिंगचा इनचार्ज केला. म्हणाले, "सहा महिने बघू. जमलं तर कायम, नाहीतर परत मशीनवर!" आता सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत पेढे वाटून झालेले. परत मशीनवर जायचं म्हणजे तोंड कुठं लपवायचं?

मग कंपनीनं त्याला लीडरशिपच्या शिबिराला धाडलं. रिसॉर्टवर, दोन दिवस. शिकवलं काय? डोळे झाकून मागं पडायचं, सहकारी झेलतात! अहो, आमच्याकडं डोळे उघडे ठेवून पडला तरी कोणी झेलत नाही! वर एक मंत्र दिला — 'समस्या आणू नका, उपाय आणा.' झालं! गड्यानं तो फळ्यावर रंगवूनच टांगला. रोज सकाळी पाच मिनिटांची मीटिंग, ती चालायची अर्धा तास. बोलायचं कोण? एकटा दिनकर! आमच्यासारखंच की — पण आम्ही निदान मध्ये टाळ तरी वाजवतो.

एका सकाळी कौसल्याबाई आल्या. पिशव्या तपासून क्रेटमध्ये भरणाऱ्या, कंत्राटावरच्या.

"साहेब, पिशवीचा जोड हाताला ओला लागतोय."

"बरं, उपाय काय?"

"ते मला काय ठावं? लागलं म्हणून सांगितलं."

दिनकरनं नुसतं फळ्याकडं बोट केलं. बाई गेल्या. ज्या मशीनवर बारा वर्षं काढली, तिथवर चार पावलं — चार पावलं, मंडळी! — साहेबांना जड झाली.

त्याच पिशव्यांचा टेम्पो गावाबाहेर पडला, नि लागल्या गळायला. आठ किलोमीटर डांबराला दुग्धाभिषेक! मागनं गावातली झाडून सगळी कुत्री!

मालक तापले. सगळ्यांदेखत विचारलं, "ठोंबरे, पिशव्या तपासायचं काम कुणाचं?"

आता बघा! काम कौसल्याबाईंचंच. नुसतं नाव घ्यायचा अवकाश — बाई घरी, खुर्ची शाबूत! आणि ते खोटंही नाही! बाई मान खाली घालून उभ्या.

"काम त्यांचं," दिनकर म्हणाला, "आणि त्यांनी ते केलं. मला येऊन सांगितलं. मीच त्यांना परत पाठवलं."

मालक म्हणाले, "सहा महिने पहिल्यापासून मोजा!"

दुसऱ्या दिवशी दिनकरनं फळा उतरवला. विचारलं, "काय अडतंय? नुसतं सांगा, उपाय मिळून बघू." कोणी बोलेना! त्याच्या जिभेला खाज सुटलेली. पण दाबली. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी कौसल्याबाईच म्हणाल्या, "साहेब, तुमची मीटिंग लांबती, तवर भरलेल्या क्रेट उन्हात पडून राहत्यात."

हशा पिकला! दिनकरला झोंबलं — का नाही झोंबणार? पण त्यानं मीटिंग तिथंच संपवली आणि क्रेट उचलायला लागला.

काय, आपण कुठं साहेब, सुटलो म्हणता? तुम्ही घरचे साहेबच की! आज घरी गेलात की बायकोला विचारा, पोराला विचारा, सुनेला विचारा — माझं काय चुकतं? आणि मग, देवाशपथ, तोंड मिटा! 'पण' म्हणायचं नाही! आणि सून जर म्हणाली, "काही नाही, मामंजी" — तर खूश होऊ नका. घाबरा! तिनं तुम्हाला सांगायचंच सोडून दिलंय. घ्या, आता देवाचं नाव घ्या!