अपोंदीबाईंचा दुसरा फोन

आदरणीय अध्यक्ष श्री. ओग्वेनो, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या अपोंदीबाई, आणि किसुमू कार्यालयातील माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

निरोपाच्या प्रसंगी वाद उकरून काढू नये, असा संकेत आहे. पण ज्या वादात बाईंची इथली सारी वर्षे गेली, तो टाळून त्यांच्याविषयी बोलायचे तरी काय? सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा फोन बनवावा का?

आपण मासळीचे भाव कळवणारे ॲप केले. सरोवराकाठी मासळी विकणाऱ्या बायकांचे स्वस्त फोन मात्र पाणी लागताच मरत. म्हणून ठरले, फोनही आपलाच करू. बाईंनी तो असा सीलबंद केला की आत थेंब जाऊ नये. मोठ्या अभिमानाने आम्ही दोघे तो घेऊन उसेंगेच्या किनाऱ्यावर गेलो. चार्जिंगच्या टपरीपुढे ओमेना मासळी विकणाऱ्या अवीनोमावशी तो उलटापालटा करून पाहू लागल्या.

“अगं पोरी, बॅटरी काढायची कुठून?”

“निघत नाही, मावशी.”

“मग अख्खा फोन दिवसभर ह्या मेल्याकडे ठेवू? गिऱ्हाइकांशी बोलणार कोण?”

टपरीवाला म्हणाला, “मी सांगेन की भाव!”

“तू भाव सांगशील, आणि पैसे स्वतःच्या नंबरवर मागवशील!”

घरोघरी वीज नाही; म्हणून एक बॅटरी टपरीवर चार्जिंगला, दुसरी फोनमध्ये, हीच तिथली रीत. आपण आता हसलात. बाई त्या दिवशी हसल्या नव्हत्या. परतल्यावर बैठकीत कोणीतरी सहज विचारले, “पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल ना?” बाई म्हणाल्या, “साहेब, फोनचा साचा पोलादाचा आहे. त्याला रातोरात अक्कल पाठवता येत नाही.”

माझ्या मते उत्तर इथेच आहे. आजची चूक उद्या सुधारण्याची सवय हे आपले बळ. फोनच्या धंद्यात तीच सवय घातक. म्हणूनच फोनविभाग बंद करण्याच्या बाजूने मीही मत दिले, आणि ते योग्य होते असे आजही मानतो.

परंतु बाईंनी दुसरा फोन रेखाटून ठेवला आहे. बॅटरी निघते आणि पाणीही शिरत नाही! तो आपण करू नये हे खरे. कोणीच करू नये, असे कुठे ठरले? बाई आता स्वतःची कार्यशाळा काढत आहेत, आणि ती रेखाटने मात्र कंपनीची मालमत्ता म्हणून आपल्या कपाटात कुलूपबंद राहणार.

अध्यक्षमहोदय, भेट म्हणून आणलेले भिंतीवरचे घड्याळ सुंदरच आहे. पण त्याऐवजी ती रेखाटनेच बाईंना दिली तर?

...आपण मान हलवलीत. मनःपूर्वक आभार! सभागृहाने पाहिले आहे, आणि खास उसेंगेहून येऊन तिसऱ्या रांगेत बसलेल्या अवीनोमावशींनीही.

हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. बोलण्याच्या भरात औचित्य सुटले असेल, तर उदार मनाने पोटात घालावे. मी सॉफ्टवेअरवाला; माझ्या चुका पुढच्या वेळी सुधारता येतील. अध्यक्षांची हललेली मान मात्र पोलादाच्या साच्यात ओतली गेली असे समजावे.