चार नंबरचा बिल्ला

नाही हो काका, पास विसरले नाही, हा काय गळ्यातच आहे — मला आत जायचंच नाहीये, तुम्ही फक्त त्या फोनवरून नियोजनाच्या खोलीत कळवा की फळ्यावरचा क्रम चुकलाय. एवढंच. कोण सांगतंय विचारलं तर म्हणा, फरशी पुसणारी. रोज तर बघता मला, सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन जाते ती — आज कडेवर पोर आहे म्हणून ओळखलं नाहीत का? घड्याळ बघा तुमचं. सव्वादहा ना? अकराला पाजणं सुरू होतंय. पाजणं म्हणजे — आतले सगळे तसंच म्हणतात — मघाशी साडेनऊला सहा लढाऊ विमानं गेली ना, त्यांना वाटेत टँकर विमान हवेतल्या हवेत तेल देतं. एकेकानं मागून यायचं, नळीला तोंड लावायचं, पोट भरलं की बाजूला व्हायचं. सगळ्यांचं झालं की टँकर मागं फिरतो आणि पुढं नुसतं पाणी, समुद्रच समुद्र, उतरायला वीतभर जमीन नाही. मग आधी कोणी प्यायचं, मागून कोणी, हे कोणीतरी ठरवायला हवं ना? ते चष्मेवाले साहेब ठरवतात. लोखंडी फळ्यावर आकड्यांचे सहा बिल्ले, चुंबकाचे. संध्याकाळी बिल्ले लावून ते घरी जातात, सकाळचे साहेब बघून कागदावर उतरवतात. फळ्यावर असेल ती काळ्या दगडावरची रेघ.

तर काल संध्याकाळी फळा पुसताना — कडेकडेनं पुसते मी, बिल्ल्यांना तीन वर्षांत कधी हात लावला नाही — फडकं अडकलं आणि चार नंबरचा बिल्ला खाली पडला. शेवटी होता तो, सहाव्या जागी. मी उचलून लावला, तर चुकून पहिल्या जागी लागला. चुकून म्हणजे — मग बाकीचे एकेक घर खाली सरकवावे लागले. असं काय बघताय? बरं बाबा, चुकून कोणी पाच बिल्ले सरकवत नाही, कळतं मलाही. काही पडलं नव्हतं, झालं? मीच हातानं केलं. अहो, वहीत लिहीत काय बसलात! आधी फोन, मग हवं ते लिहा, खाली सहीसुद्धा करते, सातवी शिकलेय मी.

का केलं? साहेब फोनवर कोणाला तरी म्हणाले, "चारला शेवटी ठेवलंय." शेवटी! काका, शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय पडतं ते मला विचारा — घरातली सात माणसं उठली की मी बसते, टोपाचा तळ खरवडत. तेच आलं डोळ्यांसमोर. टँकरमधलं संपलं तर? पाच जण ढेकर देणार आणि चार नंबर कोरडी नळी चोखत बसणार. सांगू कोणाला? मला कोण विचारतंय? गेला हात. आणि घरी गेले ती गाणं म्हणतच गेले, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी कप गोळा करत होते, तर फळा कागदावर उतरवणारे ते दोन तरुण साहेब आपसांत बोलत होते. एक म्हणाला, "चारला पहिलं कसं? जादाची टाकी काढलीय त्याची, पोट सगळ्यांत लहान. तासभर बाकीच्यांसाठी थांबण्यातच अर्धं जिरवेल की." दुसरा हसला, "म्हाताऱ्यानं लावलंय ना? मग असेल काहीतरी डोक्यात, आपण कशाला शहाणपणा करायचा." कानांवर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही हो — पहिलं म्हणजे चांगलंच, असंच धरून बसलेले. कप धुतले, घरी गेले, पोरींना पाजायला घेतलं. जुळ्या आहेत माझ्या, ही एक, दुसरी शेजारणीकडे टाकून आलेय. आणि पाजता पाजता ते बोलणं डोक्यात शिरलं. जिला आधी पाजावं तीच आधी रडत उठते! कुठं लांब जायचं असलं की हिला मी सगळ्यांत शेवटी घेते — हिचं पोट लहान, चार घोटांत भरतं — अगदी दाराशी, पायांत चपला घालता घालता. म्हणजे वाट निभते. दहा महिने रोज करतेय हे, काका. साहेबांनीही तेच केलं होतं. आणि फळ्यासमोर मला पोरी आठवल्या नाहीत, खरवडलेला टोप आठवला.

चार नंबर माझा कोण? कोणी नाही. मी फरशी पुसणारी, ते साहेब, माझे कोण लागणार? त्याला लहानपणापासून सवयच आहे, ताटात काय पडलंय ते न बघता — त्यांना. त्यांना म्हणायचं होतं मला.

भाऊ आहे. पाठचा. शेपूट म्हणायचो आम्ही त्याला, सदा माझा फ्रॉक धरून मागं. आई गेली तेव्हा मी शाळा सोडली, पटावर त्याचं नाव राहू दिलं. इथं कोणाला ठाऊक नाही, मीच शपथ घातलीय. तो म्हणायचा, "ताई, मी सगळ्यांसमोर हाक मारणार." म्हटलं, मारून तर बघ, दुसऱ्या दिवशी नोकरी सोडते. तेव्हापासून हाक नाही मारत. फक्त माझ्या ओल्या फरशीवरून जाताना बूट काढून हातात घेतो. बाकीचे हसतात त्याला, तरी घेतो.

नोकरी जाऊ दे, मला आत टाका, पोरींना त्यांचा बाप बघेल — पण क्रम लिहून घ्या. हो, हे लिहा. दोन, सहा, एक, पाच, तीन आणि मग चार. नाही चुकत, डोळ्यांत बसलाय माझ्या. दोन, सहा, एक, पाच, तीन, चार. त्यांच्याकडे रेडिओ आहे, सांगायला कितीसा वेळ लागतो? वीस मिनिटं झाली, काका, तुमच्या पाया — लावताय? वाजतोय का? वाजू दे, ठेवू नका... उचलला? कोण सांगतंय म्हणून विचारतायत? फरशी पुसणारी नका म्हणू, त्यावर कोण हलणार आहे. चार नंबरची ताई म्हणा.

शू. रडू नको, सोने. तुला मागून पाजते. गप्प — काका बोलतायत.